सरकारचे कर्ज कोण फेडते?

मागच्या अंकानंतर काही भगिनींनी जवळपास एकच विषय वेगवेगळ्या शब्दांत काढला. एकीने लिहिले, "नोटा सरकारच छापते ना, मग सरकारला कर्ज कशाला काढावे लागते?" दुसरीने विचारले, "लाडक्या बहिणीच्या दीड हजारामुळे राज्य कर्जात बुडाले, असे आमच्या घरातले पुरुष म्हणतात. खरे आहे का?" तिसरीचा प्रश्न सर्वांत साधा होता आणि सर्वांत अवघडही: "सरकारचे कर्ज शेवटी फेडते कोण?" या महिन्याचे सदर त्या तिसऱ्या प्रश्नासाठी आहे. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे वाटेत येतीलच.

आधी आकडे

चलनी नोटा काढण्याचे काम रिझर्व्ह बँकेचे. राज्य सरकारला तो अधिकार नाही. आणि समजा नोटा दुप्पट छापल्या, पण बाजारात गहू तेवढाच आणि कापड तेवढेच राहिले, तर भाव वाढण्यापलीकडे काही होत नाही. म्हणून राज्यापुढे खर्च भागवायला मार्ग मोजकेच. कर गोळा करायचा, केंद्राकडून मिळणारा वाटा घ्यायचा आणि तेवढ्याने भागले नाही तर कर्ज काढायचे.

महाराष्ट्राचा 2025-26 चा अर्थसंकल्प 10 मार्च 2025 रोजी विधिमंडळात मांडला गेला. एकूण खर्च 7 लाख 20 कोटी रुपये. वर्षभरात महसुली उत्पन्न येणार 5 लाख 60 हजार 964 कोटी आणि महसुली खर्च होणार 6 लाख 6 हजार 855 कोटी. महसुली खर्च म्हणजे पगार, निवृत्तिवेतन, व्याज, अनुदान असा रोजच्या संसाराचा खर्च. त्यातच 45 हजार 891 कोटी कमी पडतात. मार्च 2026 अखेर राज्यावरचे एकूण कर्ज 9 लाख 32 हजार 242 कोटींवर जाईल, असा अंदाज त्याच अर्थसंकल्पात आहे.

एवढे मोठे आकडे डोक्यात मावत नाहीत. वर्गात मी मुलांना भागाकार करायला लावते. राज्याची लोकसंख्या 13 कोटी धरली, तर माणशी 71 हजार रुपयांहून अधिक कर्ज येते. पाळण्यातले बाळही त्यात आले आणि अंथरुणाला खिळलेली दादीही आली. या कर्जावरचे वर्षाचे व्याज सुमारे 64 हजार 600 कोटी, म्हणजे दिवसाला साधारण 177 कोटी. फजरपासून इशापर्यंत आणि इशापासून पुन्हा फजरपर्यंत हे मीटर फिरतच असते.

आता दुसऱ्या भगिनीच्या प्रश्नाकडे येऊ. लाडकी बहीण योजनेसाठी 2025-26 मध्ये 36 हजार कोटींची तरतूद होती. रक्कम लहान नाही, पण व्याजाची रक्कम तिच्या पावणेदोन पटींहून जास्त आहे. आणि ही योजना 2024 च्या जूनमध्ये जाहीर झाली, तर कर्जाचा डोंगर त्याआधी कित्येक वर्षे, वेगवेगळ्या पक्षांच्या सरकारांच्या काळात चढत आला आहे. त्यामुळे 'बहिणींनी राज्य बुडवले' हे म्हणणे हिशेबाला धरून नाही. मात्र दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगायला हवी. रोजच्या खर्चातच 45 हजार कोटींची तूट असताना दर महिन्याला वाटायचे पैसे काही प्रमाणात उसनवारीवर उभे राहतात. आज हातात आलेल्या दीड हजाराचा एक भाग उद्या आपल्याकडूनच वसूल होणार आहे.

राज्य बुडाले आहे, असेही नाही. राज्याच्या एका वर्षाच्या एकूण उत्पादनाशी तुलना केली तर हे कर्ज 18.87 टक्के भरते. पंजाबसारख्या राज्यापेक्षा आपली स्थिती पुष्कळ बरी आहे. म्हणून घाबरण्याची वेळ आलेली नाही. हिशेब विचारण्याची वेळ मात्र नक्कीच आली आहे.

कर्ज कशासाठी?

आपल्या गल्लीतल्या बचत गटात दोन बायका प्रत्येकी 20 हजार उचलतात. एक शिलाई मशीन घेते, दुसरी लग्नात मंडप आणि जेवणावळीवर खर्च करते. हप्ता दोघींचा सारखाच. सहा महिन्यांनी पहिली मशीनवर बसून हप्ता भरते. दुसरी हप्ता भरायला दुसरीकडून उसने घेते. सरकारचेही असेच आहे. धरण, शाळा, दवाखाना, रस्ता यांसाठी घेतलेले कर्ज पुढच्या पिढीला फेडावे लागले, तरी त्या पिढीच्या हाती काहीतरी उरते. रोजचा खर्च भागवायला घेतलेल्या कर्जातून पुढच्या पिढीला फक्त हप्ता मिळतो.

हा विचार शिकवायला मला फार लांबचे उदाहरण शोधावे लागत नाही. आमच्या सेलू तालुक्यात, वर्धा-नागपूर रस्त्याकडे, सेलडोह नावाचे गाव आहे. (परभणी जिल्ह्यातल्या वाचकांनी गैरसमज करून घेऊ नये, हे सेलू वर्धा जिल्ह्यातले.) 1950 च्या दशकात या सेलडोहला जे. सी. कुमारप्पा यांनी पन्नई आश्रम काढून शेतीचे प्रयोग केले. तंजावरच्या तमिळ ख्रिस्ती घराण्यातला हा माणूस लंडनला हिशेब तपासणीचे शिक्षण घेऊन आला, मग अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात सार्वजनिक वित्त शिकला. 1929 मध्ये गांधीजींना भेटला आणि त्यांचाच झाला. पुढे वर्ध्याच्या मगनवाडीत राहून त्यांनी ग्रामोद्योग संघाचे काम उभे केले.

1930 साली कुमारप्पांचे 'पब्लिक फायनान्स अँड अवर पॉव्हर्टी' हे पुस्तक आले. त्यातला मुद्दा थोडक्यात असा: गरिबांकडून पैसा-पैसा करून कर घ्यायचा आणि तो लष्करावर, बड्या पगारांवर आणि व्याजावर घालवायचा, तर तो कर गरिबी कमी करत नाही, वाढवतो. कर किती घेतला यापेक्षा तो कुठून घेतला आणि कुठे गेला, हे पाहावे. 1931 साली काँग्रेसने हिंदुस्थानच्या सार्वजनिक कर्जाची छाननी करायला समिती नेमली. त्यात बहादुरजी, भुलाभाई देसाई, के. टी. शाह यांच्याबरोबर कुमारप्पाही होते. कंपनीने हा देश जिंकण्यासाठी केलेल्या लढायांचा खर्च, 1857 चा उठाव चिरडण्याचा खर्च, असे कितीतरी खर्च इंग्रजांनी हिंदुस्थानच्याच नावावर कर्ज म्हणून लिहिले होते. ज्यांना मारले त्यांच्याच मुलांनी गोळ्यांचे पैसे भरायचे, असा तो प्रकार होता. हे कर्ज आमचे नव्हे, असे त्या समितीने मांडले.

कर्जाच्या वहीत नाव कोणाचे आहे आणि फायदा कोणाचा झाला, हे दोन रकाने वेगळे तपासायचे असतात. हा धडा आमच्या भागाने त्याच्याही आधी घेतला होता.

नदीपलीकडचा वऱ्हाड

आमच्या जिल्ह्याच्या पश्चिमेला वर्धा नदी आहे. नदी ओलांडली की वऱ्हाड लागतो. हा वऱ्हाड हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होता, काळ्या मातीचा, कापसाचा सुपीक मुलूख. निजामाच्या खर्चाने एक फौज ठेवली जात होती, तिचे नाव हैदराबाद कंटिंजंट. पगार निजाम द्यायचा आणि हुकूम इंग्रज अधिकाऱ्यांचा चालायचा. हा खर्च भागेना म्हणून दरबार सावकारांकडे गेला. पामर आणि कंपनी नावाच्या पेढीने 24 टक्क्यांपर्यंत व्याज लावले. दिवाण चंदूलाल यांच्या काळात एक कर्ज फेडायला दुसरे काढण्याची सवय लागली.

शेवटी फौजेच्या पगाराची थकबाकी कंपनी सरकारच्या वहीत चढत गेली आणि मे 1853 मध्ये गव्हर्नर जनरल डलहौसी याच्या दबावाखाली निजाम नासिरुद्दौला यांना तह करावा लागला. वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला. त्याच महिन्यात तरुण सालारजंग दिवाण झाले. त्यांनी वसुलीची घडी बसवली, उधळपट्टी रोखली आणि वऱ्हाड परत मिळावा म्हणून हयातभर प्रयत्न केले. 1860 च्या तहात सुमारे 50 लाखांचे कर्ज माफ झाले, पण वऱ्हाड काही परत आला नाही. 1902 मध्ये लॉर्ड कर्झनने वर्षाला 25 लाख रुपयांच्या बदल्यात तो कायमच्या पट्ट्याने लिहून घेतला. वऱ्हाडचा कापूस मँचेस्टरच्या गिरण्यांत गेला. ज्या शेतकऱ्याने तो पिकवला, त्याने ना कर्ज काढले होते, ना त्या फौजेवर त्याचा हुकूम चालत होता.

आजच्या राज्याची तुलना मी त्या राज्याशी करत नाही. आज आपण मत देतो, अर्थसंकल्प छापला जातो, प्रश्न विचारता येतो. पण म्हणूनच प्रश्न न विचारणे आपल्याला परवडत नाही. एक ताजे उदाहरण घ्या. वर्धा जिल्ह्यातल्या पवनारपासून गोव्याच्या सीमेवरच्या पत्रादेवीपर्यंत सुमारे 802 किलोमीटरचा शक्तिपीठ महामार्ग आखला गेला. जून 2025 मध्ये मंत्रिमंडळाने त्याच्या भूसंपादन आणि नियोजनासाठी 20 हजार 787 कोटींना मान्यता दिली. त्यातले 12 हजार कोटी हुडकोकडून कर्जाने घ्यायचे ठरले. समृद्धी महामार्ग तर आमच्या तालुक्यातूनच जातो. रस्ता वाईट असे मी म्हणत नाही. समृद्धीवरून नागपूर-मुंबई प्रवास सोपा झाला, हे खरे आहे. पण अशी कर्जे पुष्कळदा महामंडळांच्या नावावर असतात आणि सरकार फक्त हमी देते. मग ती राज्याच्या मुख्य आकड्यात दिसत नाहीत. जामीन राहिलेल्या माणसाला आपला हप्ता नाही म्हणून निवांत झोपता येते का?

व्याज घेते कोण, भरते कोण?

राज्य सरकार रोखे विकून कर्ज उभारते. रिझर्व्ह बँक त्यांचा लिलाव करते. बँका, विमा कंपन्या, भविष्य निर्वाह निधी आणि मोठे गुंतवणूकदार ते विकत घेतात. म्हणजे व्याजाचे पैसे शेवटी ज्यांच्याकडे शिल्लक आहे, त्यांच्याकडे जातात. त्यात एलआयसीची पॉलिसी असलेल्या माझ्यासारख्या शिक्षिकेचाही चिमूटभर वाटा असेल. पण ज्याच्याकडे काहीच शिल्लक नाही, त्याचा वाटा शून्य.

आणि भरतो कोण? तो मात्र शून्य नाही.

आपल्यातली कितीतरी घरे व्याजापासून दूर राहायचा मनापासून प्रयत्न करतात. खात्यात आलेले व्याज वेगळे काढून देणारी माणसे मी पाहिली आहेत. पण 349 रुपयांचा मोबाइल रिचार्ज मारला की त्यातले सुमारे 53 रुपये जीएसटीचे असतात. डिझेल, बांधकामाचे सिमेंट, बसायची खुर्ची, सगळ्यांतून कर जातो, आणि सरकारच्या उत्पन्नातल्या प्रत्येक 100 रुपयांतले साडेअकरा रुपये व्याजाला जातात. कुठल्याही कागदावर सही न करता आपण सगळेच रोज व्याज भरत आहोत.

22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटीचे दर बदलले. साबण, टूथपेस्ट 18 वरून 5 टक्क्यांवर आले. वह्या, पेन्सिली, खोडरबर यांवरचा कर शून्य झाला. घर चालवणाऱ्या बाईला याचा आनंद व्हावा, हे योग्यच आहे. पण या कराचा मूळ स्वभाव बदलत नाही. रिचार्जवरचे 53 रुपये मजुरालाही तेवढेच आणि कारखानदारालाही तेवढेच. समजा, एकाची कमाई महिन्याला 12 हजार आहे आणि सगळी घरखर्चात जाते. दुसऱ्याची 5 लाख आहे, त्यातले दीड लाख खर्च होतात आणि साडेतीन लाख शिल्लक पडतात. पहिल्याच्या संपूर्ण कमाईला खरेदीवरचा कर लागतो, दुसऱ्याच्या एक तृतीयांशालाही लागत नाही. दुसरा आयकर भरतो, हे खरे. पण त्यातही भेद आहे. मोठ्या पगाराच्या वरच्या भागावर 30 टक्के कर लागतो, तर शेअर वर्षभर ठेवून विकल्यावर होणाऱ्या नफ्यावर 12.5 टक्के.

केंद्र सरकार दरवर्षी 'रुपया कसा येतो, कसा जातो' याचे एक वर्तुळ छापते. मुलांनी ते वहीत काढावे असे आहे. 2025-26 चे पाहा. रुपयातले 24 पैसे कर्जातून येतात, 22 पैसे लोकांच्या आयकरातून, 18 पैसे जीएसटी आणि तत्सम करांतून, आणि कंपन्यांच्या नफ्यावरच्या करातून 17 पैसे. जाताना 20 पैसे नुसत्या व्याजात जातात. देशातल्या सगळ्या कंपन्या मिळून माणसांच्या आयकरापेक्षा कमी कर देतात. सप्टेंबर 2019 मध्ये कंपन्यांचा मूळ करदर 30 वरून 22 टक्क्यांवर आणला, तेव्हा सरकारनेच सांगितले होते की वर्षाला 1 लाख 45 हजार कोटींचा महसूल सोडावा लागेल. हा आकडा लाडक्या बहिणीच्या 2025-26 च्या तरतुदीच्या चौपट आहे. पण त्याला कोणी 'रेवडी' म्हटल्याचे मला आठवत नाही.

आपल्या वाचकांना एक फरक चटकन कळेल, कारण तो आपल्या घरात दरवर्षी पाळला जातो. जकात खर्चावर नसते, साठलेल्या मालावर असते. निसाबच्या वर असलेली शिल्लक वर्षभर राहिली तर तिच्यातला अडीच टक्के हिस्सा. ज्याच्याकडे शिल्लकच नाही, त्याच्यावर जकात नाही; उलट तो घेणारा. देशाच्या कराची आजची रचना पुष्कळशी याच्या उलट आहे. संपत्तीवर हात हलका आणि खर्चावर जड. आपल्याकडे वारसाहक्काने मिळणाऱ्या मोठ्या मालमत्तेवर 1953 पासून कर होता, तो 1985 मध्ये गेला. संपत्ती कर 2015 च्या अर्थसंकल्पात रद्द झाला. तो वसूल करणे अवघड होते आणि त्यातून वर्षाला जेमतेम एक हजार कोटी मिळत होते, हे सरकारचे कारण खोटे नव्हते. पण चाळणीला भोके आहेत म्हणून पीठ चाळणेच बंद करायचे, की चाळणी बदलायची?

सरासरी काय लपवते?

राज्याच्या आर्थिक पाहणीत 2024-25 चे दरडोई उत्पन्न 3 लाख 9 हजार 340 रुपये दिले आहे. पाच जणांच्या घराला गुणून पाहा. वर्षाला साडेपंधरा लाख, महिन्याला सव्वा लाखाच्या वर. आमच्या गावात किती घरांत एवढे पैसे येतात, हे मी सांगायची गरज नाही.

आता दुसरा आकडा शेजारी ठेवा. लाडकी बहीण योजनेसाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असावे लागते. त्या अटीवर पैसे घेणाऱ्या बहिणी 2025 मध्ये राज्यात सव्वादोन कोटींच्या आसपास होत्या. काही नावे खोटी निघाली, ती वगळण्यात आली, ई-केवायसीही सुरू करण्यात आली. पण सगळी खोटी नाहीत. मग सरासरी घर साडेपंधरा लाखांचे आणि कोट्यवधी घरे अडीच लाखांच्या आत, हे दोन्ही एकाच राज्यात कसे खरे असते? तर वरच्या थोड्यांकडे इतके आहे की सरासरी उचलली जाते. वर्गातल्या एका मुलाला 100 आणि नऊ मुलांना 20 गुण मिळाले, तरी सरासरी 28 येते. आणि एवढे गुण त्या नऊंपैकी एकालाही नसतात.

देशाचे चित्रही असेच आहे. जागतिक विषमता प्रयोगशाळेच्या अभ्यासकांनी मार्च 2024 मध्ये मांडलेल्या अंदाजाप्रमाणे 2022-23 मध्ये भारतातल्या वरच्या एक टक्का लोकांकडे देशाची 40.1 टक्के संपत्ती होती. खालच्या निम्म्या लोकांकडे मिळून साडेसहा टक्केही नव्हती. हेच वरचे लोक शिल्लक पैसा सरकारी रोख्यांत गुंतवतात आणि व्याज मिळवतात. ज्यांच्याकडून कराने पैसे घ्यायला हवे होते, त्यांच्याकडून सरकार ते कर्जाने घेते आणि वर त्यांना व्याज देते. ते व्याज रिचार्ज मारणाऱ्यांच्या करातून जाते. माझ्या मते सार्वजनिक कर्ज आणि वाढती विषमता यांचा सांधा इथे आहे.

तंगी आली की कात्री कुठे लागते?

घरात पैसे कमी पडले की आधी आईचे औषध थांबते, मग मुलीची शिकवणी. जो सर्वांत कमी बोलतो, त्याचा खर्च सर्वांत आधी कापला जातो. सरकारच्या घरातही हेच होते.

मे 2025 मध्ये लाडकी बहीण योजनेच्या हप्त्यासाठी सामाजिक न्याय विभागाचे 410 कोटी आणि आदिवासी विकास विभागाचे 335 कोटींहून अधिक वळवण्यात आले. एका गरीब बहिणीला द्यायला दुसऱ्या गरीब भावाच्या ताटातले काढले. आपल्या मुलांचेही सांगते. अल्पसंख्याक मुलांसाठीची केंद्राची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती नोव्हेंबर 2022 मध्ये पहिली ते आठवीच्या वर्गांसाठी बंद झाली. शिक्षण हक्क कायद्यामुळे या वर्गांचे शिक्षण मोफतच आहे, हे कारण दिले गेले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मौलाना आझाद संशोधन शिष्यवृत्तीही थांबवल्याचे सरकारने संसदेत सांगितले. पहिलीच्या मुलाला वर्षाला मिळणारे ते हजार रुपये देशाच्या 50 लाख कोटींच्या अर्थसंकल्पात दिसणारही नाहीत. पण बूट, दप्तर आणि कंपासपेटी त्यातच यायची. शाळेच्या दारात उभे राहिले की तो फरक दिसतो.

शेतकऱ्याचे तेच. ऑक्टोबर 2025 च्या अखेरीस कर्जमाफीसाठी बच्चू कडू यांच्या नेतृत्वाखाली ट्रॅक्टरचा मोर्चा नागपूरला धडकला आणि महामार्ग थांबला. सरकारने 30 जून 2026 पर्यंत निर्णय घेऊ, असे सांगितले. त्याआधी ऑगस्टमध्ये केंद्राने कापसावरचे आयात शुल्क तात्पुरते काढून टाकले. गिरण्यांना स्वस्त कापूस मिळाला आणि आमच्याकडच्या शेतकऱ्याच्या पोटात गोळा आला. शुल्क सोडणे हादेखील सार्वजनिक पैशाचाच निर्णय असतो, फक्त तो 'मदत' या नावाने लिहिला जात नाही.

हिशेब हाताबाहेर गेला तर काय होते, हे शेजारच्या श्रीलंकेने पाहिले. 2019 च्या अखेरीस तिथल्या सरकारने लोकप्रियतेसाठी मोठी करकपात केली. विक्रीवरचा मुख्य कर 15 वरून 8 टक्क्यांवर आणला. उत्पन्न आटले, मग करोनाने पर्यटन बंद पाडले, परकीय चलन संपले. 12 एप्रिल 2022 रोजी परदेशी कर्ज फेडणे थांबवत असल्याचे जाहीर झाले. पेट्रोल आणि गॅससाठी रांगा लागल्या. छपाईला कागद नाही म्हणून शाळांच्या परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. कर्ज काढताना त्या मुलांना कोणी विचारले नव्हते.

आपण काय करू शकतो?

अर्थशास्त्र मोठ्या लोकांचे काम आहे, असे समजून आपण हा विषय सोडून देतो. पण ज्या बाईने 12 हजारांत पाच जणांचे घर चालवले, तिला तूट, उसनवारी आणि काटकसर शिकवायची गरज नाही. तिला फक्त सरकारची वही उघडून दाखवायला हवी.

सुरुवात गावापासून करावी. महाराष्ट्रात वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातला 10 टक्के भाग महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचा असतो. तो कशावर झाला, हे ग्रामसभेत विचारा. केंद्राकडून आलेल्या निधीचा हिशेब ई-ग्रामस्वराज या संकेतस्थळावर गावाच्या नावाने पाहता येतो. घरातल्या दहावी-बारावीच्या मुलाकडून मोबाइलवर काढून घ्या. मिळाला नाही, तर माहिती अधिकाराचा अर्ज 10 रुपयांत होतो. शहरात राहणाऱ्यांनी आपल्या नगरसेवकाला विचारावे. हे भांडण नव्हे. सार्वजनिक पैसा ही अमानत आहे, आणि अमानत सोपवणाऱ्याने हिशेब मागितला तर त्यात कोणाचा अपमान होत नाही.

मार्चमध्ये राज्याचा अर्थसंकल्प येईल. वर्तमानपत्रात काय स्वस्त, काय महाग याचा रकाना मोठ्या अक्षरांत असेल. त्या दिवशी मुलांना जवळ घेऊन बसा आणि आणखी चार आकडे शोधा: महसुली तूट किती, एकूण कर्ज किती, व्याज किती, आणि शिक्षण व आरोग्याला किती. मग त्यांना तीन प्रश्न विचारायला शिकवा. कर्ज कशासाठी काढले? फायदा कोणाला झाला? आणि फेडणार कोण? तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात आपल्या घराचे नाव आहे, एवढे मुलांना कळले तरी पहिले दोन प्रश्न ती आपणहून विचारू लागतील.